दोन मुठी

रे रोडच्या पालिका दवाखान्यात, तळमजल्यावर,
एक्स-रेची रांग जिथं वळते
तिथल्या आठ बाय दहाच्या खोलीत
मी गोठलेले खांदे उघडते, आखडलेले खुबे सोडवते.
निदान पाटीवर तसं लिहिलंय.

नारबा मेस्त्री, वय अडुसष्ट, राहणार दारूखाना.
उजवा हात छातीच्या वर जात नाही.
चालतो कमरेत वाकून,
रस्त्यात काही पडलंय आणि तेच शोधतोय असा.

प्लास्टिकचे सांधे हातात घेऊन
मी नेहमीचं सुरू करते.
हा खुबा बघा, मेस्त्री. खोल वाटी.
मांडीचं हाड तिच्यात लाडवासारखं बसतं.
आणि हा खांदा. बशी.
बशीवर लिंबू ठेवून घरभर फिरायचं
तर चहूबाजूंनी कुणीतरी धरायला हवं.

स्नायूंना एकच काम येतं, मी सांगते, ओढायचं.
ढकलणं त्यांच्या जन्मात नाही.
म्हणून प्रत्येकाला समोरचा दिलाय.
छाती हात पुढं घेते, पाठ मागं आणते.
खांद्यावरची टोपी हात उचलते
तेव्हा बगलेमागचा रुंद पट्टा
इंचाइंचानं सैल होत जातो.
नाही झाला, तर हात तिथंच.
खुब्याचंही तेच:
पुढचा मांडी उचलतो, बैठकीचा वाट देतो,
पाऊल मागं पडताना मागचा ओढतो, पुढच्यानं सोडायचं.
तुम्ही दोन वर्षं स्टुलावर बसून काढलीत.
पुढचा आखडला. आता सोडतच नाही.

त्याचं लक्ष कप्पीकडं होतं.
मग म्हणाला,
"ह्यां माका ठावक आसा. करवत तशीच."

वखारीत, घोडीवर चढवलेला सागाचा ओंडका,
वर हा, खाली उस्मान परकार,
मधे साडेपाच फुटांचं पातं.
एकतीस वर्षं.
खालच्याच्या डोळ्यांत भुसा, वरच्याच्या खुब्यात कळ.
"ढकलूची नाय. ढकललंस की पातां वाकतां.
तो ओढता तेवा आपण हात सैल सोडूचो.
पण मूठ सोडूची नाय."

हेच मी परीक्षेत दीड पान लिहिलं होतं.

उस्मान गेला, त्याला दोन वर्षं झाली.
वखारीत आता पट्ट्याचं मशीन.
ते एकटंच कापतं.

भिंतीवर कप्पी, कप्पीवरून दोरी,
दोरीच्या दोन टोकांना दोन मुठी.
चांगल्या हातानं खाली ओढायचं, दुखरा आपोआप वर.
त्यानं एक मूठ धरली, दुसरीकडं बघत राहिला.
"दोनय माझ्योच?"

बाहेर अकरा केसपेपर होते.
मी दुसरी मूठ घेतली.

मी ओढलं. त्याचा हात वर आला, साठ, सत्तर,
मग अडला, बगलेमागं दोरखंड ताठ.
त्यानं ओढलं. माझा हात गेला, पण रडत रडत.
"गो बाय," तो म्हणाला,
"तू ओढतस बरां. सोडूक येना नाय तुका."

खरं होतं.
मानेपासून कोपरापर्यंत माझ्या
दोन्ही बाजू एकदम ओढून बसल्या होत्या,
कधीपासून कोण जाणे.

पुन्हा. तो, मी. तो,
मी.
तेल न घातलेली कप्पी किरकिरत होती
आणि तो डोळे मिटून
बहुधा भुशाचा वास घेत होता.

केसपेपरवर लिहिलं: उजवा खांदा, ब्याऐंशी अंश.
आल्या वेळेपेक्षा सात जास्त.
खुब्यासाठी घरी पालथं झोपणे, दहा मिनिटं.

"उद्या कोण धरतलां?" चप्पल शोधत त्यानं विचारलं.

बाकावर शेवंता वैती बसली होती,
डावा खांदा, चाळीस वर्षं डोक्यावर मासळीची पाटी.
दोघांना मी एकाच वेळेची चिठ्ठी दिली.
तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.
"याला सोडता येतं काय?" म्हणाली.